शोधलं तेवढंच सापडतं?

नाशिकमधल्या एका मुलाने बारावीचा निकाल लागल्यावर घरी जाहीर केलं, की इंजिनीअरिंगला जायचं नाही, सिनेमाचं एडिटिंग आणि व्हीएफएक्स शिकायचं. आईने चौकशी केली तेव्हा एका खासगी संस्थेच्या डिप्लोमाची फी काही लाखांत निघाली. मुलाचं म्हणणं, फी भरायचीच कशाला, सगळं नेटवर फुकट आहे. आईचा 'सगळं'वरही विश्वास बसेना आणि 'फुकट'वरही. नात्यात या धंद्यातली दोन माणसं होती. एक तिचा पुण्याचा भाऊ, म्हणजे मुलाचा मामा. फिल्मची पट्टी कापायच्या-जोडायच्या काळात तो फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकला. दुसरी तिच्या बहिणीची मुलगी. कॉमर्सची पदवी घेता घेता ती नाशिकलाच घरच्या कॉम्प्युटरवर कॉम्पोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका दृश्यात जोडणं, शिकली आणि आता गोरेगावच्या एका स्टुडिओत आहे. आईने दोघांनाही विचारलं. सल्ले आले ते एकमेकांच्या बरोबर उलट. मग एका रविवारी भाची पुण्याला मामाकडे गेली, आणि मुलगा राहिला बाजूला, या दोघांचीच जुंपली.

सुरुवात भाचीने केली, तीही हुकमी पानाने. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या 2022च्या सिनेमात इफेक्टचे सुमारे 500 शॉट आहेत आणि त्यांतले बहुतेक पाच जणांनी केलेले आहेत.

"पाच जण, मामा! मार्व्हलच्या सिनेमाची श्रेयनामावली संपेपर्यंत माणूस पार्किंगमधून गाडी काढून घरी पोचतो. आणि या पाचांपैकी कोणीही व्हीएफएक्सच्या शाळेत गेलेलं नव्हतं. नेटवरचे फुकटचे ट्युटोरियल बघून शिकलेली माणसं. सिनेमाला सात ऑस्कर मिळाली."

"त्यात व्हीएफएक्सचं होतं?"

"नाही. नामांकनसुद्धा नव्हतं," भाचीला कबूल करावं लागलं. "पण संकलनाचं मिळालं, पॉल रॉजर्सला. तुझ्याच खात्यातलं."

मामाला हसू आलं, पण त्याने मुद्दा सोडला नाही. ही मंडळी दिग्दर्शकांची दोस्त होती, हे तो सांगू लागला. सॉफ्टवेअर ती नेटवर शिकली असतील, पण कुठला इफेक्ट मुद्दाम ओबडधोबड ठेवायचा आणि कुठे हसू येण्यासाठी अर्धा सेकंद थांबायचं, हे दिग्दर्शकाबरोबर बसल्याशिवाय कळत नाही. "ती शेजारची खुर्ची आपल्या पोराला नाशिकला कोण देणार?"

"आणि तुमच्या काळात त्या खोलीत शिरायलाच काय लागायचं?" भाची म्हणाली. तिने रंगसंस्काराचं उदाहरण काढलं. दा विंची यंत्रणेची किंमत एके काळी लाखो डॉलरमध्ये होती. ती ज्यांच्याकडे होती अशा मोजक्या लॅबमध्ये बसणारे मोजकेच लोक रंग लावायला शिकत. 2009 साली ब्लॅकमॅजिक डिझाइनने ती कंपनी विकत घेतली आणि 2011मध्ये तिच्या 'रिझॉल्व्ह' या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती काढली. आज तीत संकलन, रंग, ध्वनी आणि कॉम्पोझिटिंग सगळं आहे, आणि शिकायची जाडजूड पुस्तकंही कंपनी फुकट देते. 'न्यूक' हे डिजिटल डोमेन स्टुडिओने 1990च्या दशकात स्वतःसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. आता त्याची बिगरव्यावसायिक प्रत कोणीही उतरवून घेऊ शकतो, फक्त चित्र एचडीच्या पलीकडे बाहेर काढता येत नाही. 'ब्लेंडर'ची कथा तर याहून भारी. 2002 साली टॉन रोझेंडाल यांनी लोकांकडून सात आठवड्यांत 1,00,000 युरो गोळा केले, सॉफ्टवेअरचा कोड सोडवून घेतला आणि जगाला मोकळा केला. त्याच ब्लेंडरवर लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी 'फ्लो' केला, आणि 2025 साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

(भाचीचा हिशेब इथे थोडा सोयीस्कर होता. 'फ्लो'ला सुमारे 35 लाख युरो लागले होते. सॉफ्टवेअर फुकट असलं, तरी ते चालवणारी माणसं जेवतात.)

पण हत्यारांबद्दल मामाची तक्रारच नव्हती. त्याची तक्रार होती शोधण्याबद्दल.

स्टीनबेकच्या टेबलावर संकलन करताना हवा असलेला टेक रिळाच्या शेवटी असेल, तर तिथपर्यंतचं सगळं रीळ डोळ्यांसमोरून जाऊ द्यावं लागायचं. वेळ जायचा, चिडचिड व्हायची. पण वाटेत भलतंच काहीतरी दिसायचं: 'कट' म्हटल्यावर नटाने सोडलेला सुस्कारा, कॅमेरा सुरू राहिल्यामुळे चुकून टिपली गेलेली नजर. शोधत होतो त्याहून ते चांगलं निघायचं. "हे मी एकटा म्हणत नाही. वॉल्टर मर्चनेही लिहून ठेवलंय, आणि तो काही कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडणारा नव्हे. 'द इंग्लिश पेशंट' त्याने ॲव्हिडवर कापला आणि त्याचं ऑस्कर घेतलं. तरी त्याचं म्हणणं हेच, की यंत्र तुम्हाला थेट मागितलेल्या जागी नेऊन सोडतं, आणि आपण काय मागावं हे आपल्याला नेहमी कळतंच असं नाही. नेटवरचं शिकणं तस्संच आहे गं. 'हिरव्या पडद्याची किनार कशी साफ करायची' असं टाइप केलंस की किनार साफ करायला शिकशील. पण मुळात आपल्याला काय येत नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्या पोराने टाइप काय करायचं?"

भाची थोडा वेळ गप्प राहिली. हा वार तिला अपेक्षित नव्हता. मग ती म्हणाली, "मला प्रीमल्टिप्लिकेशन कोणी शिकवलं सांगू? कोणीच नाही."

न्यूक वापरणारे लोक आपण बनवलेली छोटी साधनं, म्हणजे गिझ्मो, 'न्यूकपीडिया'वर फुकट ठेवतात. त्यांतली बहुतेक साधनं उघडून आत बघता येतात: कोणत्या नोडनंतर कोणता लावलाय, कुठे फाटा फोडलाय, कुठे परत जोडलाय. भाचीला त्या वेळी हवा होता लाइट रॅप, म्हणजे मागच्या दृश्यातला उजेड पुढच्या माणसाच्या कडेवर सांडल्यासारखा दाखवणारा परिणाम. गिझ्मो मिळाला, कामही झालं. पण आत डोकावल्यावर दिसलं, की रंग बदलण्याच्या आधी बनवणाऱ्याने एक नोड घातलाय आणि नंतर त्याच्या उलट काम करणारा दुसरा. कशाला? दोन्ही काढून बघितलं तर माणसाभोवती घाणेरडी रेघ उमटली. कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेला असतो. रंगाला हात लावायचा तर आधी भागून घ्यायचं, काम झालं की पुन्हा गुणायचं. "इतका साधा नियम. शोधायला मी भलतंच गेले होते. तुझ्या स्टीनबेकच्या रिळात आणि यात फरक काय?"

"फरक इतकाच, की तू झाकण उघडलंस," मामा म्हणाला. "किती जण उघडतात?"

याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. ब्लेंडर शिकणाऱ्यांत अँड्र्यू प्राइस यांच्या डोनटच्या धड्याची ख्याती अशी आहे, की रंगीत साखरपेरणी केलेला तो डोनट जगभरात कोण जाणे किती लोकांनी हुबेहूब बनवला असेल. त्याच्या पुढे किती गेले हे मोजायची सोय नाही. उलट इयन ह्यूबर्ट यांचे धडे जेमतेम मिनिटभराचे. इमारतीचा फोटो घेतला, साध्या चौकोनावर चिकटवला, खिडक्या आत ढकलल्या, झालं शहर. त्यात पायरीवार काही सांगितलेलं नसतं, त्यामुळे बघणाऱ्याला मध्येच थांबून स्वतःच डोकं चालवावं लागतं. भाचीला हे धडे डोनटपेक्षा फार वरचे वाटतात. मामाला दोन्हींतलं काहीच माहीत नव्हतं. त्याने एक बघितला आणि पुन्हा लावायला सांगितला.

मग भाचीने उलटा हल्ला केला. "तू सारखा खुर्ची-खुर्ची करतोस ना, वरिष्ठाच्या शेजारची? तिची गंमत ऐक."

मुंबईत हॉलिवूडचं काम करणाऱ्या स्टुडिओत नवा माणूस बहुधा रोटोला लागतो. म्हणजे दृश्यातल्या माणसाची किंवा वस्तूची कड फ्रेममागून फ्रेम रेषेने आखून ती वेगळी काढायची. त्याला मिळतो एक शॉट. आधीचा शॉट कोणता, नंतरचा कोणता, हे त्याला दिसत नाही. सिनेमालाही बऱ्याचदा टोपणनाव असतं. फोन लॉकरमध्ये. कामाच्या मशीनला इंटरनेट नाही, कारण निर्मात्या स्टुडिओंचे सुरक्षेचे नियम कडक असतात आणि त्यांची तपासणी होते. "म्हणजे ज्या कामासाठी आम्ही सगळं नेटवर शिकलो, त्या कामाच्या जागी नेटच नाही. शेजारचा सीनियर त्याच्या डेडलाइनमध्ये बुडालेला. मी जे शिकले ते रात्री घरी येऊन."

"सगळं?"

"बरंचसं. बाकीचं डेलीजमध्ये."

"तिथे काय असतं?"

भाची रंगात येऊन सांगू लागली. अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे शॉट एकामागून एक लागतात. सुपरवायझर तोच शॉट पुन्हा पुन्हा फिरवतो. इथला ग्रेन प्लेटशी जुळत नाही. या इमारतीचा काळा रंग फार काळा आहे. इतक्या लांबच्या गोष्टीवर हवेचा थर असतो, तो कुठाय? स्फोट छान आहे, पण माझं लक्ष नटीकडे राहायला हवं आणि ते स्फोटाकडे चाललंय, उतरव तो. यातले कितीतरी शेरे तिच्या शॉटवर नव्हतेच. दुसऱ्यांच्या शॉटवरचे शेरे ऐकत ती मागच्या रांगेत बसलेली असायची, आणि निम्मी अक्कल तिथे आली.

मामा काही बोलला नाही, फक्त भुवया उंचावल्या. भाचीच्या लक्षात आलं, की आपण त्याचीच बाजू मांडून बसलो. "बरं, ठीक आहे," ती म्हणाली. "न शोधता मिळालं. पण त्या खोलीच्या दारापर्यंत मला आणलं माझ्या कामाच्या नमुन्यांच्या शोरीलने, आणि शोरील आली नेटवरून. मधली पायरी गाळून चालत नाही."

एव्हाना फाळके निघणार हे उघड होतं. नाशिककर भाची आणि सिनेमाचा वाद म्हटल्यावर त्र्यंबकेश्वरला जन्मलेला तो माणूस फार वेळ बाहेर राहू शकत नाही. भाचीच्या मते दादासाहेब हे आद्य घरबसले विद्यार्थी. पुस्तकं आणि किमतींच्या याद्या मागवल्या, 'बायोस्कोप' हे विलायती साप्ताहिक लावलं, आणि पुढे कुंडीतल्या वाटाण्याची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपून भांडवल देणाऱ्याला दाखवली. ट्युटोरियल बघून शोरील करणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"मधलं का गाळतेस?" मामाने लगेच पकडलं. "विम्याची पॉलिसी गहाण टाकून माणूस 1912 साली लंडनला गेला. त्याच साप्ताहिकाच्या संपादकाला जाऊन भेटला. त्याने सेसिल हेपवर्थकडे पाठवलं, आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ आतून दाखवला. छापलेलं सगळं घरी वाचून झालं होतं ना? तरी गेला. वाटाण्याची फिल्म परत आल्यावरची आहे."

"पण गेला तेव्हा काय विचारायचं ते ठरवून गेला. घरी वाचलं म्हणून."

हा डाव बरोबरीत सुटला असं म्हणायला हरकत नाही.

संकलनाच्या बाबतीत मात्र मामा मागे हटायला तयार नव्हता. नेटवर कट कसा मारायचा हे शिकवणाऱ्यांची रांग लागलीय. कट न मारण्याचं काय? चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये, ज्याचं संकलन रिखव देसाईंनी केलंय, सुट्टी लागण्याआधीचं कामकाज संपतं, माणसं उठून जातात, शिपाई दिवे मालवतो, आणि शॉट अंधारातही थांबून राहतो. कोणत्याही शहाण्या माणसाने तिथे आधीच कात्री चालवली असती. सिनेमा संपला असं वाटेपर्यंत तो थांबतो, आणि मग न्यायाधीशांची सहल सुरू होते. "हे कुठल्या ट्युटोरियलात सांगतात?"

भाचीने 2016चा एक व्हिडिओ काढून दिला. टोनी झाऊ आणि टेलर रामोस यांच्या 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' या मालिकेतला, संकलक विचार कसा करतो आणि त्याला जाणवतं कसं, यावरचा. शॉट किती वेळ धरून ठेवायचा, भावना चेहऱ्यावर उमटायला वेळ कसा लागतो, एवढंच त्यात उदाहरणांनी दाखवलंय. बटणांबद्दल अवाक्षर नाही. मामाने तो पूर्ण बघितला आणि चांगला आहे असं म्हणाला. ही त्याच्याकडून मोठीच दाद.

पण त्यातून त्याला नवीच खुपणारी गोष्ट सापडली. यातले सिनेमे कुणाचे? मर्चचा शब्दन् शब्द नेटवर आहे. त्याच्या मुलाखती, व्याख्यानं, उभं राहून काम करायची त्याची सवयसुद्धा. हॉलिवूडचे संकलक आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पॉडकास्टवर आपल्या सिनेमातले प्रसंग उलगडून सांगतात. आणि रेणू सलुजा? मामाच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली बाई. 'जाने भी दो यारो' तिने कापला, 'परिंदा' कापला, संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार घेतले आणि 2000 साली गेली, पॉडकास्टचा जमाना यायच्या आधी. "तिच्या टेबलाशेजारी जे बसले त्यांच्या डोक्यात ती आहे. नेटवर ती अशी किती सापडेल? मराठी सिनेमा कापणाऱ्यांची तर गोष्टच सोड. नेटवर 'सगळं' आहे म्हणतो ना पोरगा, त्याला हे विचार."

इथे भाचीने वाद घातला नाही. तिच्या बाजूला अशी उणीव कमी आहे, हे खरं. पिक्सारने 'यूएसडी', ड्रीमवर्क्सने 'ओपनव्हीडीबी', आयएलएमने 'ओपनईएक्सआर' अशी आपली घरची तंत्रं खुली केली आहेत. 2018 साली डिस्नेने 'मोआना'तलं अख्खं बेट, पानाफांद्यांसकट, अभ्यासासाठी देऊन टाकलं. पण यंत्रविद्या वाटणं सोपं असतं. ती कुठल्याही भाषेतल्या शॉटला लागू पडते. मराठी संवादात विराम कुठे घ्यावा, हे शिकवायचं तर मराठी रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण, हव्यात, आणि त्या निर्मात्यांच्या हार्ड डिस्कमध्ये पडून असतात.

मग तिने मामाला एक गोष्ट ऐकवली, जी मावशीला सांगायचं तिने टाळलं होतं. 'लाइफ ऑफ पाय'चा वाघ करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारी 2013मध्ये, त्या कामाचं ऑस्कर मिळण्याच्या काही दिवस आधी, दिवाळखोरीत गेली; तिचा एक स्टुडिओ मुंबईतही होता. 2025च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला, तेव्हा भारतातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. शिवाय ज्या रोटोने तिला आत घेतलं ते काम आता सॉफ्टवेअरच बरंचसं करू लागलंय. रिझॉल्व्हमध्ये मॅजिक मास्क आहे, न्यूकमध्ये थोड्या फ्रेमवरून शिकून बाकीच्या स्वतः करणारा कॉपीकॅट आहे. "तू म्हणतोस तशी खुर्ची शोधायला तो निघेल, आणि तोवर खालची पायरीच काढून टाकलेली असेल. म्हणून म्हणते, स्वतःचं स्वतः शिकायची सवय त्याला आत्ताच लागू दे."

"आमच्याकडेही तेच झालंय," मामा म्हणाला. सहायक संकलक आता रशेस जुळवून ड्राइव्हवर चढवतो आणि घरूनच काम करतो. दिग्दर्शक आणि संकलक भांडत असतात त्या खोलीत तो नसतोच.

एवढ्यावर दोघं मुलाकडे वळले. खासगी संस्थेची लाखांची फी आत्ता भरू नये, यावर आश्चर्य म्हणजे दोघांचं आधीपासूनच एकमत होतं. हे आईला कोणीच सांगितलं नव्हतं. फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा द्यायला पदवी लागते, म्हणजे मधली वर्षं हातात आहेत. त्या वर्षांत काय करायचं, यावर बराच वेळ घासाघीस झाली.

भाचीने ठरवलं ते असं: ब्लेंडर फाउंडेशनचा 2012चा 'टिअर्स ऑफ स्टील' हा लघुपट घ्यायचा. तो ॲम्स्टरडॅममध्ये खऱ्या नटांना घेऊन चित्रित केलाय, दिग्दर्शन याच इयन ह्यूबर्टचं, आणि त्याचं मूळ चित्रीकरण कोणालाही उतरवून घेता येतं. त्यातला एक शॉट निवडायचा आणि धडा न बघता करायचा. अडेल तेव्हाच शोधायचं. मामाने त्याला जोड दिली. अमेरिकेतल्या फिल्म शाळांमधून 'गनस्मोक' या जुन्या मालिकेच्या रशेस पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना कापायला दिल्या गेल्या. सगळ्यांना तोच प्रसंग, आणि प्रत्येकाचा निराळा. आज 'एडिटस्टॉक'वर खऱ्या चित्रीकरणाच्या रशेस सरावासाठी मिळतात. त्यांतला एक प्रसंग घ्यायचा आणि तीनदा कापायचा: एकदा एका पात्राच्या बाजूने, एकदा दुसऱ्याच्या, एकदा जो बोलत नाही त्याच्या. कापण्याआधी सगळ्या रशेस पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुढे न ढकलता बघायच्या. ही अट मामाने दोनदा सांगितली. आणि दर महिन्याला ते काम घेऊन पुण्याला यायचं, दोघांसमोर पडद्यावर लावायचं.

"दोघांसमोर? मला डिलिव्हरी असते रविवारी," भाची म्हणाली.

"मग शनिवारी ये."

तिने सगळं टाइप करून मुलाला पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: लॅपटॉपला रॅम 8 जीबी आहे, रिझॉल्व्हला 16 लागते असं लिहिलंय, आणि ती फोर-के फ्रेमची फोल्डर उतरवली तर डिस्कच भरेल. हा प्रश्न एवढ्या भांडणात दोघांच्याही मनात आला नव्हता. भाची प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, कशा बनवायच्या त्याची लिंक शोधू लागली. तोवर मामाने फोन लावलाही होता, आणि डिस्क महाग असण्याच्या काळात ॲव्हिडवर हलकं, अंधुक चित्र घेऊन अख्खा सिनेमा कसा कापायचे आणि शेवटी मूळ निगेटिव्हशी कसा जुळवायचे, ते तो पहिल्यापासून सांगायला लागला होता.